वाल्बर्लाची फेरी: डोंगर सगळ्यांचा, पण मुठीत मावेल एवढाच

(हे या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेलं जवळपास तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय. कानाला हेडफोन नसेल तेव्हा वाचा.)

आज आपण एका बुटक्या डोंगरावर जाणार आहोत. बुटका म्हणजे किती? तर समुद्रसपाटीपासून ५३२ मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तिच्या एक तृतीयांशसुद्धा नाही. सह्याद्रीत दर रविवारी सॅक पाठीला लावणारी माणसं म्हणतील, "हा कसला डोंगर, हे तर टेकाड!"

तरी त्यावर मी अख्खा भाग करतेय. कारण दर पावसाळ्यात आपल्याकडे एक प्रश्न निघतो आणि दसऱ्यापर्यंत विसरला जातो: डोंगर सगळ्यांना खुला ठेवायचा आणि तरी तो टिकवायचा, हे जमतं का? या टेकाडावर मला त्याचं एक उत्तर सापडलं. पूर्ण उत्तर नाही, पण घरी घेऊन जावं असं आहे.

फेरी कशी आहे

हा डोंगर जर्मनीत आहे, बव्हेरिया राज्याच्या उत्तरेला, फ्रँकोनिया नावाच्या भागात. कागदोपत्री नाव एरेनब्युर्ग, पण तिथं सगळे म्हणतात वाल्बर्ला. तुमच्यापैकी बरेच जण जर्मनचे ए-वन, बी-वन करताय, काही जण पुढच्या वर्षी एरलांगेन नाहीतर न्यूरेंबर्गला शिकायला जाल. तर हे लिहून ठेवा. एरलांगेनहून लोकल गाडीनं फोर्शहाइम, तिथून छोटी गाडी बदलून किर्शएरेनबाख. स्टेशनवर उतरलं की डोंगर समोरच दिसतो, वाट विचारावी लागत नाही. 'डॉइचलांड-टिकट' नावाचा मासिक पास असतो, मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेला. आता तो महागलाय, पण या दोन्ही गाड्यांना तो चालतो. म्हणजे पासधारकाला हा डोंगर फुकटच.

मी एप्रिलच्या शेवटी गेले होते. सोबत माझा मावसभाऊ होता, तो तिकडेच मास्टर्स करतो. गावाबाहेर चेरीच्या बागा लागतात. हा भाग चेरीसाठी प्रसिद्ध आहे आणि एप्रिलमध्ये ती झाडं पांढरीशुभ्र असतात. बागांमधून वर चढलं की माथ्याचं गवताळ पठार येतं. त्यावर एक छोटं चॅपल, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघर. तिथून एक उतार, मग खिंडीसारखा भाग आणि पुन्हा चढून दुसरं शिखर, रोडेनश्टाइन. हेच ५३२ मीटरवालं. तिथून मागे न फिरता पलीकडच्या अंगानं बीचच्या जंगलात उतरायचं, श्लाइफहाउझेन गावाकडे. आणि मग डोंगराला उजव्या हाताला ठेवून पायथ्यापायथ्यानं परत स्टेशन. आमच्या मोबाइलनं नऊ किलोमीटर मोजले. बसत, खात, फोटो काढत साडेचार तास लागले.

जर्मनमध्ये अशा वाटेला 'रुंडवेग' म्हणतात, गोल वाट. आपल्याकडचे बहुतेक ट्रेक 'जा आणि त्याच वाटेनं या' असे असतात, कारण सह्याद्रीचे कडे दुसऱ्या बाजूनं उतरू देतीलच असं नाही. गोल वाटेचा एक साधा फायदा मला तिथं कळला. चढणारे आणि उतरणारे एकमेकांना फारसे आडवे येत नाहीत. अरुंद जागी खोळंबा होत नाही. आणि खोळंबा झाला नाही की कुणी कंटाळून बाजूच्या गवतातून शॉर्टकट काढत नाही. हे शॉर्टकटचं प्रकरण डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

साक्षीदार डोंगर

आता खडकांबद्दल. माथ्याच्या कडेनं राखाडी रंगाचे उंच कातळ उभे आहेत. काही भिंतीसारखे, काही सुटे सुळके. वीझेनटाऊ गावाच्या अंगाला एक सुळका आहे, त्याला 'वीझेनटाऊची सुई' म्हणतात. आपल्या जीवधनच्या वानरलिंगीपुढे तो नातवंड वाटेल, पण सुळका तो सुळकाच.

आपला सह्याद्री म्हणजे बेसॉल्ट, लाव्हाचे थरावर थर, वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. वाल्बर्लाचा माथा त्याच्या दुपटीहून जुना आहे, आणि तो आगीतून नाही, पाण्यातून आलाय. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, इथं उथळ, कोमट समुद्र होता. त्याच्या तळाशी स्पंज आणि सूक्ष्मजीवांनी मिळून चुन्याचे ढिगारे रचले, म्हणजे एक प्रकारचे रीफ. पुढे त्या चुनखडीत मॅग्नेशियम शिरलं आणि तिचा डोलोमाइट झाला. रीफ होते तिथं खडक एकसंध आणि चिवट राहिला. बाजूचा थराथरांचा चुनखडक मात्र पाऊस आणि थंडीनं झिजत गेला. आज जे कातळ उभे दिसतात ते म्हणजे त्या समुद्रातल्या रीफचा सांगाडा. दगडाला हात लावला तर साखरेसारखा खरखरीत लागतो.

आणि हा डोंगर एकटा का उभा आहे? तर कधीकाळी तो मागच्या मोठ्या पठाराला जोडलेला होता. ओढ्यानद्यांनी मधला भाग खाल्ला, हा तुकडा सुटा राहिला. अशा डोंगराला जर्मन भूगोलात शब्द आहे 'त्सॉयगेनबेर्ग'. त्सॉयगे म्हणजे साक्षीदार. साक्षीदार डोंगर! पठार एकेकाळी इथपर्यंत पसरलं होतं, याची साक्ष देत उभा असलेला. मला हा शब्द फार आवडला. एकटा पडलेला म्हटलं असतं तर तो केविलवाणा वाटला असता.

जत्रेचा डोंगर

माथ्यावरचं चॅपल सतराव्या शतकाच्या अखेरचं आहे. साधी पांढरी भिंत, उतरतं छप्पर, गावाबाहेरच्या एखाद्या म्हसोबाच्या देवळाएवढा आकार. ते संत वाल्बुर्गाचं आहे. ही बाई आठव्या शतकात इंग्लंडहून जर्मनीत आली आणि हायडेनहाइमच्या मठाची प्रमुख झाली. तिच्या नावावरूनच डोंगराचं नाव पडलं. फ्रँकोनियाच्या बोलीत लाडानं शब्दाला शेवटी 'ला' लावतात, म्हणून वाल्बर्ला, म्हणजे 'वाल्बुर्गाबाय' म्हणा हवं तर.

पण डोंगर तिच्याही आधीपासून माणसांचा आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात या माथ्यावर केल्ट लोकांची तटबंदी असलेली मोठी वस्ती होती. आजही दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास इथं जत्रा भरते, वाल्बर्लाफेस्ट. तीही पायथ्याला नाही, माथ्यावर. प्रार्थना होते, बँड वाजतो, आसपासच्या गावांमधल्या ब्रुअरीजची बिअर असते, पोरंबाळं घेऊन माणसं चढून येतात. थोडक्यात, आपल्या डोंगरावरच्या देवीची यात्राच.

मुद्दा असा की हा काही कुंपण घालून 'माणसांना बंदी' केलेला डोंगर नाही. आणि तरीही तो सरकारी नोंदीत संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदतात कशा?

मूठभर हक्क

याचं मूळ एका कायद्यात आहे. बव्हेरिया राज्याला स्वतःची राज्यघटना आहे, डिसेंबर १९४६ मध्ये लागू झालेली. युद्ध संपून जेमतेम दीड वर्ष झालं होतं, शहरं ढिगाऱ्यात होती, लोकांना खायची भ्रांत होती. त्या घटनेच्या कलम १४१ मध्ये लिहिलंय की निसर्गाच्या सौंदर्याचा आनंद घेण्याचा, जंगलात आणि डोंगराळ कुरणात फिरण्याचा, रानातली फळं तिथल्या रिवाजाप्रमाणे घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. 'नागरिकाला' असं नाही, 'प्रत्येकाला'. म्हणजे कालच विमानातून उतरलेल्या माझ्या मावसभावालासुद्धा. शिवाय डोंगर, तळी, नद्या यांच्याकडे जाणाऱ्या वाटा मोकळ्या ठेवणं हे सरकारचं आणि ग्रामपंचायतीचं कर्तव्य आहे, गरज पडली तर खासगी मालकीवर मर्यादा घालूनसुद्धा.

पण त्याच कलमात पुढची ओळ आहे: निसर्गाशी जपून वागणं हे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हक्क आणि बंधन शेजारी-शेजारी.

ही 'जपून वागण्या'ची कल्पना किती बारकाईनं उतरलीय याचं एक उदाहरण देते. जर्मन कायद्यात रानफुलांचा एक नियम आहे, त्याला बोलीभाषेत 'हाताच्या गुच्छाचा नियम' म्हणतात. संरक्षित नसलेली फुलं, पानं, रानमेवा तुम्ही स्वतःपुरता, थोडासा घेऊ शकता. किती? मुठीत मावेल एवढा. संरक्षित क्षेत्रात मात्र तेवढाही नाही. मला वाटतं, आजीनं शेवग्याच्या शेंगा काढताना "चार झाडावर राहू देत गं" म्हणावं, तसाच हा कायदा आहे.

आता वाल्बर्लाच्या माथ्यावर या. तिथं पाट्या आहेत, चित्रांसकट. वाटेवरच चाला. शेकोटी नको, तंबू नको, ड्रोन नको, फुलं तोडू नका. कुत्रा दोरीला. बस्स. तिकीट नाही, गेट नाही, आपण होतो तेवढा वेळ गणवेशातला एकही माणूस दिसला नाही.

इथं माझा मावसभाऊ म्हणाला, "ताई, त्या पलीकडच्या कातळाच्या टोकावरून काय भारी फ्रेम मिळेल! दोन मिनिटांत जाऊन येतो." वाट आणि कातळ यांच्यात जेमतेम पन्नास पावलांचं गवत होतं.

मी त्याला म्हटलं, आधी खाली बघ. गवताखालची माती बोटाच्या दोन पेरांएवढीही नव्हती, त्याच्याखाली लगेच दगड. चुनखडीवरच्या अशा कुरणात ऑर्किडसारखी नाजूक झाडं वाढतात, कारण बाकीच्या धटिंगण झाडांना इतक्या कमी मातीत जमत नाही. एक माणूस चालला तर गवत परत उभं राहतं. शंभर माणसं त्याच रेषेत चालली की मुळं तुटतात. मग पहिला मोठा पाऊस ती सुटी माती घेऊन जातो. ती परत तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. आणि एकाच्या रीलमध्ये ती जागा दिसली की शंभर जण यायला किती दिवस लागतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तो थांबला. जरा फुगला, पण थांबला.

आणखी एक गंमत. हे मोकळं माळरान नैसर्गिक नाही. सोडून दिलं तर काही वर्षांत झुडपं येतील, मग जंगल, आणि ती उन्हाची फुलझाडं संपतील. अशी कुरणं शेकडो वर्षं मेंढ्यांनी चरून उघडी ठेवली, म्हणून ती आहेत. म्हणजे जपायचं म्हणजे हात न लावणं असंच नसतं. कुठं हात लावायचा आणि कुठं पाय ठेवायचा नाही, हे ठरवावं लागतं.

वाट दाखवणारे

रोडेनश्टाइनवरून जंगलात उतरताना एक आजोबा भेटले. खांद्याला पिशवी, हातात ब्रश. झाडावरची खुणेची छोटी पाटी शेवाळ काढून पुसत होते. तिकडे वाटेत कुणी भेटलं की "ग्रूस गोट" म्हणतात, शब्दशः देवाचा नमस्कार, म्हणजे आपला रामराम. आम्ही रामराम केला, आणि भावानं त्याच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "तुम्ही वनखात्याचे का?"

ते हसले. म्हणाले, "छे, मी निवृत्त माणूस. हौस म्हणून करतो."

या भागात फ्रेंकिशे श्वाइत्स फेराइन नावाची संस्था आहे, १९०१ मध्ये स्थापन झालेली. तिचे स्वयंसेवक वाटांची निगा राखतात. कुणाकडे अमुक वाट, कुणाकडे तमुक. रंग उडाला, पाटी पडली, झाड आडवं झालं की ते बघायचं. मी विचारलं, मोबाइलवर नकाशे असताना आता याची गरज काय? ते म्हणाले, "खूण दिसली नाही की लोक गोंधळतात, आणि गोंधळले की नवी वाट पाडतात. मी लोकांना वाट दाखवत नाही, डोंगराला लोकांपासून वाचवतो."

कातळावर चढणाऱ्यांचीही अशीच व्यवस्था आहे. हा सगळा पट्टा जगातल्या प्रस्तरारोहकांची पंढरी आहे. कुर्ट आल्बर्ट नावाच्या गिर्यारोहकानं १९७०च्या दशकात इथंच 'रोटपुंक्ट', म्हणजे लाल ठिपका, ही पद्धत रुजवली. दोराचा फक्त पडल्यावर झेलण्यापुरता आधार घ्यायचा, चढायचं स्वतःच्या हातापायांनी. आणि तसं जमलं की कातळाच्या पायथ्याशी लाल ठिपका काढायचा. आता तिथं आरोहक आणि निसर्गरक्षक यांनी मिळून कातळांचे तीन गट केलेत: काहींवर अजिबात चढायचं नाही, काहींवर फक्त जुन्या मार्गांनी, काहींवर नवे मार्गही चालतील. शिवाय घुबडं किंवा ससाणे घरट्यात असतील तेव्हा ते कातळ तात्पुरते बंद. पिल्लं उडाली की पुन्हा खुले.

आपल्याकडे

आता तुम्ही म्हणाल, ताई, जर्मनीचं कौतुक पुरे. बरोबर आहे. तिकडची माणसं आपल्यापेक्षा चांगली आहेत, असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्या चॅपलच्या मागेसुद्धा मला बिअरच्या बाटल्यांची झाकणं दिसली.

मला फरक दिसतो तो क्रमात. आपल्याकडे आधी काहीच नियम नसतो. धबधबा, गड, सडा, जा कुठंही, कसंही. मग एखाद्या शनिवारी दुर्घटना होते. जून २०२४ मध्ये लोणावळ्याजवळ एक कुटुंब पाण्यात वाहून गेलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ठिकाणांवर बंदीचे आदेश निघाले. म्हणजे एक तर पूर्ण मोकळीक, नाहीतर पूर्ण बंदी. मधली पायरीच नाही. आणि बंदी आली की फटका कुणाला? जपून चालणाऱ्या ट्रेकरला, आणि पायथ्याशी भाकरी-पिठलं करून देणाऱ्या ताईंना.

असं नाही की आपल्याला ही मधली पायरी माहीतच नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात नोंदणी आणि संख्येची मर्यादा आहे. तिथंही मातीचा थर असाच पातळ, आणि पाय पडला की सीतेची आसवं चिरडतात. देवराईतून वाळकी काटकीसुद्धा न उचलण्याचा रिवाज कितीतरी गावांनी पाळला, पाटी न लावता. गोल वाटसुद्धा आपल्याला नवी नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते, लाखो माणसं रात्रभर डोंगराला वळसा घालतात. डोंगर मध्ये, आपण भोवती. त्या प्रदक्षिणेत मूळ भाव काय आहे? की मध्ये जे आहे ते आपल्यापेक्षा मोठं आहे, त्यावर पाय देऊन जायचं नाही. आज त्याच फेरीत प्लास्टिकचा खच पडतो, तेव्हा पाय फिरतात पण भाव राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. डोंगर खुला राहावा असं वाटत असेल, तर 'वाट सोडायची नाही' हा नियम आपणच पाळायला सुरुवात करायची, कुणी बंदी घालायच्या आधी. ट्रेकला दहा जण जाता? त्यातल्या एकानं शेवटी चालायचं आणि कुणी शॉर्टकट मारला तर परत बोलवायचं. फोटो टाकताय? जरूर टाका, पण नाजूक जागेचं अचूक लोकेशन टाकू नका. गडावरच्या खुणा पुसल्या असतील तर गावातल्या मंडळींना आणि संवर्धन करणाऱ्या गटाला विचारून एक रविवार त्यांच्यासोबत ब्रश घेऊन जा.

आणि वाल्बर्लाला जाणार असाल तर तीन गोष्टी. एक, लांब पँट आणि मोजे घाला. तिथल्या उंच गवतात गोचीड असतात आणि त्यांच्या चावण्यातून मेंदूज्वरासारखा आजार होऊ शकतो. बव्हेरियाचा बहुतेक भाग त्या धोक्याच्या यादीत आहे. राहायलाच जात असाल तर लशीबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि घरी आल्यावर अंग तपासा. वाटेवर राहिलात तर हा धोकाही कमी होतो, म्हणजे नियम डोंगराच्याच भल्याचा आहे असं नाही. दोन, माथ्यावर सावली कमी, पाणी सोबत घ्या. तीन, अडचण आली तर ११२.

मावसभावानं शेवटी फोटो काढला तो वाटेवरूनच. मधलं पन्नास पावलांचं गवत, मागे तो कातळ, त्याच्या पलीकडे संध्याकाळची दरी. टोकावर कुणीच नाही. त्याला तो फोटो आधी रिकामा वाटला होता. आता त्याच्या फोनच्या स्क्रीनवर तोच आहे.

तर मंडळी, तुमच्या आसपास अशी कुठली गोल वाट आहे? तिच्यावर कोण लक्ष ठेवतं? आवाजी निरोप पाठवा, निवडक निरोप पुढच्या भागात ऐकवीन. तोवर, चालत राहा. वाटेवरून!